दगडाची कोरलेली बाजू

आमच्या दफनभूमीत ‘बाबा’ फार आहेत. ओळीने क्रूस उभे आहेत आणि त्यांवर नुसतंच ‘बाबा’, ‘आई’, ‘आजी’, कुठे ‘दादा’. खाली जन्ममरणाच्या तारखा. नाव नाही. वसईकडून बदलून आलेले आमचे फादर पहिल्यांदा तिथून फिरले तेव्हा त्यांना भरून आलं. म्हणाले, तुमच्या लोकांत नावापेक्षा नात्याला मोल आहे. त्यांचा तो आनंद मोडायला कुणी पुढे झालं नाही. वर्षभरात त्यांचं त्यांनाच कळलं, आणि मग मयताला आलेल्या पोरांना मोबाईल खिशात ठेवा म्हणून तेच दटावू लागले.

कारण अगदी साधं आहे. आम्ही महार. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी स्नानसंस्कार घेतला आणि घराणं कॅथलिक झालं. अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूला मिळतात, शिखाला मिळतात, बौद्धालाही मिळतात. ख्रिस्ती झालेल्याची मात्र जात गेली असं सरकार धरून चालतं. जात गेल्याचं सरकारला कळलं, आमच्या गावाला मात्र ते अजून कुणी कळवलेलं नाही. मग लोकांनी आपापला मार्ग काढला. घरात आणि देवळात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. माझा नवरा देवळात मार्टिन आणि सातपूरच्या कारखान्यात मोतीराम. मी फादरांना लुसी, गल्लीला ललिताताई. दोन नावांची सवय होते. अडचण एवढीच की माणूस मेल्यावर दगडावर कुठलं लिहायचं ते ठरत नाही. म्हणून ‘बाबा’.

मार्टिन फेब्रुवारीत गेला. दुसरी पाळी करून आला, दारात बूट काढायला बसला आणि उठलाच नाही. त्याच्या लाकडी क्रूसावर आमच्या संजनाने पांढऱ्या रंगाने ‘बाबा’ लिहिलं. मुलीचं अक्षर चांगलं आहे. अंबडला एका कारखान्यात ती कंत्राटावर होती, दर अकरा महिन्यांनी नवा कागद, मध्ये एक महिना घरी. बाप गेल्यावर चारच महिन्यांत सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून तिची निवड झाली, ती रुजूही झाली. राखीव जागेवर. आता जात पडताळणी समितीने दाखला वैध ठरवला की नोकरी पक्की, नाही ठरवला तर गेली. आणि नुसती जाणार नाही, फसवणूक म्हणून जाणार.

ऑगस्टात समितीच्या दक्षता पथकाचे एक साहेब घरी येऊन गेले. भला माणूस. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायले. येणार हे आधी कळलं होतं, त्यामुळे आमची मरियामाता शेजारच्या सुलाबाईंकडे पाहुणी गेली होती. सुलाबाईंचं घर बौद्ध, मूळ गाव आमचंच, आळीही तीच. त्यांच्या मुलाला, संघर्षला, सगळं मिळतं, आम्हाला मिळत नाही, याची लाज आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त वाटते. त्यांनी मरियेला बुद्धाच्या शेजारी फडताळात बसवलं. मी म्हटलं, चालेल का हो? तर म्हणाल्या, “राहू दे गं, त्या दोघांचं काही भांडण नाही.”

साहेबांनी विचारलं, बारसं कसं करता, लग्नात काय काय असतं, माणूस गेला की जाळता की पुरता. मी सांगितलं, पुरतो. ते म्हणाले, हो, तुमच्यात पूर्वीपासून पुरतातच. मी मान हलवली. कुठे पुरलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जाताना म्हणाले, गरज पडली तर परत येऊ, आजूबाजूलाही फिरू. तेव्हापासून आम्ही मायलेकी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

त्यात ऑक्टोबरच्या शेवटी मार्टिनचे थोरले भाऊ अमेरिकेहून आले. बेनेडिक्ट. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरले आणि तिथूनच, दोन्ही हात पसरून, “लुसी!”

भाजीवाल्यापासून दळणवाल्यापर्यंत सगळ्यांनी वळून पाहिलं, आता ही लुसी कोण. मी धावत जाऊन बॅग धरली आणि हळूच म्हटलं, भाऊजी, इथे ललिता म्हणा. त्यांनी कपाळाला हात लावला, चुकलो म्हणाले, आणि तासाभराने चहा मागताना पुन्हा लुसीच म्हणाले.

भाऊजी वाईट माणूस नाहीत हे आधीच सांगते, कारण पुढे तसं वाटेल. हे दोघे भाऊ देवळाली कॅम्पात वाढले. वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी. मार्टिनला पहिली सायकल भाऊजींनी घेऊन दिली. मग हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायचं शिकून ते आधी आखातात आणि तिथून टेक्सासला गेले, ते तिकडचेच झाले. त्यांनी सवलत कधी घेतली नाही, त्यामुळे त्यांना एकच नाव पुरलं. मार्टिन गेला त्या आठवड्यात तिकडे त्यांच्या छातीवर शस्त्रक्रिया चालली होती. भावाला माती देता आली नाही, ते त्यांच्या मनात खुपत होतं. आल्या आल्या रिक्षा करून दफनभूमीत गेले आणि तो लाकडी क्रूस पाहून परत आले. जेवले नाहीत.

त्यांच्या शर्टाच्या कॉलरला इवल्याशा सोनेरी पावलांची पिन असायची. मी विचारलं, तर म्हणाले, पोटातल्या दहा आठवड्यांच्या बाळाचे पाय एवढे असतात. दर शनिवारी सकाळी ते आणि त्यांच्या पॅरिशची, म्हणजे तिकडच्या देवळाची, माणसं गर्भपाताच्या दवाखान्यापुढे रोझरी म्हणत उभी राहतात. ऊन, थंडी, काही असो. लोक शिव्या देतात. एकदा कुणी गाडीतून गरम कॉफी फेकली. एकदा तर आत जायच्या रस्त्यावर बसले म्हणून पोलिसांनी सगळ्यांना उचलून नेलं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. सत्तरीला आलेला, छाती उघडून शिवलेला माणूस थंडीत गुडघे टेकून बसतो, याचं मला हसू आलं नाही. आदरच वाटला.

रविवारी देवळात मिस्सा झाल्यावर फादर आमच्याकडे जेवायला आले. कोंबडीचा रस्सा, भाकरी. भाऊजींनी त्यांना विचारलं की इथले कॅथलिक या प्रश्नावर काय करतात, मोर्चा कधी काढतात, मत कुणाला देतात. फादरांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं की इथला मोर्चा दहा ऑगस्टला असतो. एकोणीसशे पन्नासमध्ये त्या तारखेला ख्रिस्त्यांना वगळणारा तो सवलतींचा आदेश निघाला, म्हणून आम्ही काळ्या फिती लावतो. त्यातही निम्मे लोक फीत देवळात लावतात आणि फाटकात काढतात. पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी कॅथलिक आहेत, त्यांना वेगळीच धास्ती, की ख्रिस्ती म्हणून आदिवासींच्या यादीतून नाव काढतील. वसईत फादरांच्या स्वतःच्या घरी राजकारण म्हणजे टँकरचं पाणी आणि बिल्डरने घेतलेली वाडी. आणि शाळेतल्या केरळच्या सिस्टर्सना विचाराल तर त्या रबराच्या भावावर आणि शेतात शिरणाऱ्या रानडुकरांवर तासभर बोलतील.

“आणि पोटातलं मूल?” भाऊजींनी विचारलं.

फादर म्हणाले की शिकवण सगळीकडे तीच आहे, प्रार्थनेत आम्हीही म्हणतो. भाऊजींनी ताट बाजूला सरकवलं. त्यांच्या मते हा एकच प्रश्न असा होता की ज्यावर कॅथलिक माणूस ओळखावा. पाणी, नोकऱ्या, डुकरं, ही सगळी पोटापाण्याची कामं, ती कुणीही करेल.

मी रस्सा वाढत होते. खरं तर पोटातल्या बाळाबद्दल माझं भाऊजींशी काही वाकडं नव्हतं. आमच्यातल्या कुणाचंच नसेल. फक्त मतदानाच्या यंत्रापुढे तो प्रश्न आम्हाला कुणी कधी घातला नव्हता. आम्हाला नेहमी दुसरेच प्रश्न घालतात, आणि त्यांची उत्तरंही बहुतेक तेच देऊन टाकतात.

त्यानंतर तीन-चार दिवस भाऊजी सकाळी रिक्षाने बाहेर पडत आणि दुपारी धुळीने माखून परत येत. कुठे गेला होता म्हटलं की नुसते हसत. मला वाटलं, जुने मित्र शोधत असतील.

एक नोव्हेंबरला दुपारी त्यांनी मला आणि संजनाला दफनभूमीत बोलावलं. दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचा स्मरणदिन, त्यामुळे सगळीकडे साफसफाई चाललेली. कुणी गवत काढतंय, कुणी क्रूसाला चुना लावतंय. मी पोचले, संजना अजून कामावरून यायची होती. भाऊजी आणि तिथे राखण करणारा भिका मार्टिनच्या कबरीशी उभे होते. कबरीवर काळा, चकचकीत ग्रॅनाइटचा दगड आडवा ठेवलेला, आणि त्यावर सोनेरी अक्षरं.

मार्टिन (मोतीराम) त्रिभुवन. आजन्म कॅथलिक. पत्नी लुसी (ललिता), कन्या संजना.

“बघ,” भाऊजी म्हणाले, “दोन्ही नावं घातलीत. एक टाकलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

आता सांगते त्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पहिल्यांदा मला आनंद झाला. लग्नानंतर आम्हा नवराबायकोची चारही नावं एका ठिकाणी मी कधी पाहिली नव्हती. आम्ही कायम अर्धे अर्धे लिहिले गेलो. इथे आम्ही पूर्ण होतो. मी खाली बसून ‘मार्टिन’वरून बोट फिरवलं. अक्षरं खोल कोरलेली होती, बोटाला कडा लागत होत्या.

मग मागून स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि माझं बोट आपोआप मागे आलं.

संजना हेल्मेट हातात घेऊन आली. तिने वाचलं. दोनदा वाचलं असावं. म्हणाली, “काका, फार सुंदर झालंय.” मग शेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि बराच वेळ हेल्मेटचा पट्टा लावत-काढत राहिली.

“पण हे ठेवता येणार नाही,” ती म्हणाली.

भाऊजींना कळेना. मी समजावून सांगितलं. दक्षता पथक, साहेब, आजूबाजूला फिरू म्हणाले ते. मोतीराम हा कॅथलिक होता, त्याची मुलगी संजना, इतकं सगळं समितीला कुणी शोधून दिलं नसतं. ते आता सोन्याच्या अक्षरांत मिळणार होतं. आणि उद्या इथे सगळा धर्मग्राम लोटणार, तरुण पोरं दुबईतल्या न् कॅनडातल्या नातलगांसाठी फोनवरून थेट दाखवणार.

भाऊजींचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. पैशाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, मला तिकडे पोलिसांनी पकडलं तेव्हा नाव विचारलं. मी नाव सांगितलं, धर्म सांगितला, का बसलो ते सांगितलं. बातम्यांतही आलं. “आणि तुम्हाला मेलेल्या माणसाचं नाव सांगायची भीती वाटते? त्याने आयुष्यभर रोझरी म्हटली, लुसी. तुम्ही त्याला मेल्यावरही लपवून ठेवलंत.”

हे मला लागलं. कारण हेच मी रात्री उशीशी बोलत असे.

संजना उठून त्यांच्याजवळ आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“काका, तुम्हाला पकडलं, मग नोकरी गेली?”

“नाही.”

“मग काय झालं?”

भाऊजी थोडे घुटमळले. “दुसऱ्या दिवशी सोडलं. पॅरिशमध्ये सत्कार केला.”

“आमच्यात सत्कार होत नाही, काका,” ती म्हणाली. “आमच्यात पगाराची वसुली होते. आणि मग म्हणतात, बघा, ह्या लोकांनी फसवलं.” मग एकदम तिचं अवसान गेलं. “बाबांचं नाव मला लिहायचं नव्हतं असं वाटतं तुम्हाला? ‘बाबा’ लिहिण्याआधी मी त्यांच्या नावाचा ‘मा’ काढून पुसला होता.”

हे मलाही माहीत नव्हतं.

भिका इतका वेळ फावड्यावर हात ठेवून उभा होता. तो पेठकडचा, जुना कॅथलिक. म्हणाला, “आमच्याकडं बी हेच चाललंय, साहेब. दगड लय लांब, गळ्यातला क्रूस बी पोरं शर्टाच्या आत घालाय लागली.” मग त्याने कामाचं सांगितलं. दगड नुसता वाळूवर टेकवलाय, सिमेंट उद्याच्या प्रार्थनेनंतर भरायचं ठरलं होतं. पण उचलायला चार माणसं लागतील आणि आज त्याच्याकडे तेवढी नव्हती. परवा काढता येईल. उद्याचं काय ते आपण बघावं.

उद्याचं काय ते संजनाने पाहिलं. ती म्हणाली, फुलं.

आमच्यात त्या दिवशी कबरी झेंडूने सजवतात. कुणी माळा घालतं, कुणी पाकळ्यांचा क्रूस काढतं. फुलांचा ढीग घातला तर कुणाला नवल वाटणार नव्हतं. अमेरिकेतला भाऊ आलाय, हात मोकळा सोडलाय, एवढंच म्हणतील. दुसऱ्या दिवशी पहाटे ती फुलबाजारात जाऊन स्कूटरवर दोन पोती झेंडू घेऊन आली. दिवाळी होऊन गेलेली, त्यामुळे मिळाला. सुलाबाई मदतीला आल्या. आम्ही तिघी ओट्याखाली बसून ओवत होतो आणि भाऊजी दारातल्या खुर्चीवर बसले होते. रात्रीपासून ते कुणाशी बोलले नव्हते. मग त्यांनीच एक सुई मागितली. त्यांना ओवता येत होतं, देवळालीत आईबरोबर माळा केलेल्या. देठाशी सुई घालायचं हात विसरला नव्हता.

चार-पाच फुलं झाल्यावर ते बोलायला लागले, कुणाला उद्देशून असं नाही. त्यांच्या पॅरिशमध्ये रविवारी दोन मिस्सा असतात, सकाळी इंग्रजीत आणि दुपारी स्पॅनिशमध्ये. दुपारच्या मिस्साला मेक्सिकोची आणि त्याच्या खालच्या देशांची माणसं येतात. बांधकामावरचे मजूर, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाया. देऊळ ठासून भरतं. पण शनिवारी दवाखान्यापुढे उभं राहायला त्यांतलं कुणी येत नाही. भाऊजींनी स्वतः जाऊन विचारलं होतं. ते हसून हो म्हणायचे आणि यायचे नाहीत. देवळाच्या जत्रेत सुद्धा ग्रुप फोटो निघाला की त्यांच्यातले अर्धे बाजूला सरकायचे. रजिस्टरमध्ये पत्ता अर्धवट. इंग्रजी मिस्सावाले म्हणायचे, ही माणसं नुसती मेणबत्त्या लावायला कॅथलिक आहेत, प्रश्नाच्या वेळी नाहीत.

“मीही म्हणायचो,” भाऊजी म्हणाले. “त्यांच्यातल्या एकाला, रोगेलिओला, कामावरून परत येताना उचललं. कागद नव्हते. तीन पोरं. आठवड्यात देशाबाहेर. त्याच्यासाठी फादरांनी प्रार्थना घातली तर आमच्यातले काही जण चिडले, देवळात राजकारण कशाला म्हणून.”

“तुम्ही चिडला होतात?” सुलाबाईंनी विचारलं.

भाऊजींनी सुई फुलात खुपसली. “मी त्या दिवशी दवाखान्यापुढच्या आमच्या कामासाठी पत्रकं वाटत होतो. देवळाच्याच दारात.”

सुलाबाईंनी आपल्याकडचा दोरा तोडून भाऊजींना दिला, कारण भाऊजींचा संपला होता.

दुपारी आम्ही लवकर गेलो. आधी लांब माळा आडव्या टाकल्या, मग मोकळी फुलं. सोनेरी अक्षरं खोल असल्याने फार वेळ मधूनमधून चमकत राहिली. ‘कॅथलिक’ लवकर झाकलं. ‘संजना’ झाकलं. ‘मार्टिन’वर कुणीच फूल टाकेना, मी नाही, संजना नाही. शेवटी भाऊजी वाकले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना वाकणं जड जातं. एक गुडघा टेकून त्यांनी दोन्ही हातांनी फुलं सारली आणि वरून तळवे दाबून ठेवले, पेरणी केल्यावर माती दाबतात तसे.

चारच्या सुमारास माणसं भरली. मेणबत्त्या, अगरबत्त्या, पोरांचे फोन वर धरलेले. फादर पवित्र पाण्याचं भांडं घेऊन एकेका कबरीशी थांबत होते. प्रत्येक ठिकाणी ते विचारतात, कुणासाठी प्रार्थना करू या? आणि घरातला मोठा माणूस सांगतो. बहुतेक जण आई, बाबा, नाहीतर बहीण म्हणतात. ज्यांना धास्ती नाही ते नाव घेतात. आमच्या शेजारच्या कबरीशी कॅम्पातलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब होतं, त्यांनी आजोबांचं नाव, मधलं नाव आणि हुद्दा, सगळं मोठ्याने सांगितलं. त्यांचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

फादर आमच्याकडे आले. फुलांचा ढीग पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिकाने त्यांना सांगितलं असणार. मोठा माणूस म्हणून विचारायचं ते भाऊजींनाच विचारलं.

“कुणासाठी प्रार्थना करू या?”

भाऊजींनी तोंड उघडलं. एक पोरगा फोन धरून अगदी जवळ उभा होता. संजना माझ्या दंडाला धरून होती आणि तिची बोटं रुतत होती. ज्या माणसाने पोलिसांना आपलं नाव, धर्म, सगळं खणखणीत सांगितलं, तो तिथे हात जोडून उभा होता आणि त्याचा ओठ हलत होता.

“माझा धाकटा भाऊ,” ते म्हणाले.

फादरांनी थांबून वाट पाहिली नाही. पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली आणि पुढे गेले. भाऊजी शर्टाच्या बाहीने डोळे पुसून मला म्हणाले, चल ललिता. नाशकात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला चुकून नव्हे, ठरवून त्या नावाने हाक मारली, आणि मला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी भिकाने माणसं जमवली. फुलं बाजूला केली, पहारी घातल्या. काढून ठेवायचा कुठे, हा प्रश्नच होता. दुकानदार परत घेणार नव्हता, घरी आणून उपयोग नव्हता, फोडायचं तर कुणाच्या हाताने? तेव्हा भाऊजी म्हणाले, उलटा ठेवा. भिकाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. भाऊजींनी हाताने दाखवलं. कोरलेली बाजू खाली, मातीकडे. वर कोरा काळा दगड.

तसा ठेवला. बाजूने सिमेंट भरलं. लाकडी क्रूस पुन्हा डोक्याशी रोवला. भाऊजी मला म्हणाले, निदान त्याला तरी वाचता येईल. मी म्हटलं, अंधारात वाचायची त्याला सवय आहे, तिसऱ्या पाळीला दिवे अर्धेच लावायचे. ते हसले आणि लगेच हुंदका आला त्यांना.

भाऊजी गेले. मधूनमधून फोन येतो. शनिवारी ते दवाखान्यापुढे उभे राहतातच, ते सुटणार नाही, आणि सुटावं असं मलाही वाटत नाही. पण रविवारी दुपारच्या मिस्साच्या वेळी ते आता देवळाच्या फाटकात उभे असतात. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली तर आत जाऊन सांगायचं, एवढंच काम. भाषा येत नाही. म्हणाले, सकाळच्या मिस्सातले जुने दोस्त विचारतात, बेन, तू बाजू बदललीस का? मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता? म्हणाले, काही नाही, मी फाटक सांभाळतो.

जानेवारीत समितीचा निकाल आला. दाखला वैध. साहेबांनी चांगलं लिहिलं होतं. घराण्यात पुरण्याची चाल पूर्वापार आहे, हेही एका ओळीत होतं. सुलाबाईंनी पेढे आणले. संजनाने एक पेढा मरियेपुढे ठेवला आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. तिचा बाप मोतीराम त्रिभुवन हा कधी ख्रिस्ती नव्हता असं आता सरकारचं शिक्क्यासह म्हणणं होतं.

रविवारी आम्ही दोघी दफनभूमीत गेलो. दगडावर धूळ बसली होती. संजनाने ओढणीच्या टोकाने ती पुसली. कोऱ्या दगडात तिचा चेहरा दिसत होता.

“आई, आता झालं ना सगळं. उलटवून घेऊ या का?”

मी हिशेब केला नाही, पण तो आपोआप झालाच. पोरगी सव्वीस वर्षांची. उद्या कुणी तक्रार केली, कुणाला तिची जागा हवीशी झाली, तर दाखला पुन्हा उघडतात. बढतीच्या वेळी उघडतात. तिचं लग्न व्हायचंय, आणि ते देवळात व्हायचंय.

“तू रिटायर झालीस की,” मी म्हटलं.

“तोवर तू असशील का?”

“मी इथेच असेन,” मी शेजारची जागा दाखवली. “माझ्यावरचा दगड मात्र तू स्वतः बघून घे. भाऊजींना विचारू नकोस.”

ती हसली नाही. तिने माझा हात दगडावर ठेवला आणि स्वतःचा माझ्या हातावर. दगड उन्हाने तापला होता. आम्ही रोझरीची एक माळ म्हटली, मोठ्याने, आणि दर वेळी जिथे मृताचं नाव घ्यायचं तिथे दोघीही क्षणभर थांबलो.